जखमी साथीदाराला वाचवायला गोळीबारात शिरणारा सैनिक त्या क्षणी काय विचार करतो? एखादं खरं उदाहरण सांगाल का?

मी स्वतः फौजेत नव्हतो. पण काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि आम्हा इंदूरवाल्यांना महूची लष्करी छावणी जवळच, त्यामुळे रामबागेतल्या घरी फौजेच्या गप्पांना तोटा नाही. तुमचा प्रश्न त्यांनाच वाचून दाखवला. म्हणाले, "तिथं कसला विचार? ज्याच्या ताटात जेवलो त्याला चिखलात टाकून आलो, तर पलटणीत तोंड कुठं दाखवायचं?"

उदाहरण द्यायचं तर मी शिपाई नामदेव जाधवांचं देईन. नगर जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. दोन्ही काठांना पुराचे तीसेक फूट उंच बांध, बांधांत जर्मनांची खंदकं आणि सुरुंगांचा पट्टा. पूर्वेच्या बांधावर चढाई करताना त्यांची तुकडी जवळजवळ कापली गेली. कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी.

जाधवांनी आधी एका जखमीला उचललं. खोल पाणी, मग उभा चढ, मग सुरुंग, आणि वरून तोफगोळे नि मशीनगन. त्याला सुरक्षित जागी ठेवलं आणि दुसऱ्यासाठी त्याच वाटेनं परत गेले.

ही दुसरी खेप मला सगळ्यात मोठी वाटते. पहिल्यांदा माणूस जोशात निघून जातो असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा त्याला मशीनगन कुठून मारतेय ते पक्कं ठाऊक असतं. काकांनी यात एक भर घातली: अंग टाकलेला माणूस खांद्यावर आवरत नाही, भिजलेल्या कपड्यांत तर घसरतच राहतो आणि दोन्ही हात त्यातच गुंतल्यामुळे आपली बंदूक असून नसल्यासारखी.

पुढचा भाग लोक जास्त रंगवून सांगतात. ते परत फिरले, एक मशीनगन गप्प केली, हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना म्हणून ती फेकून हातबॉम्बनी आणखी दोन ठाणी उडवली. मग बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदरलाही मिळाला, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

तुमच्या मनात बलिदानच असेल, तर त्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे आहेत. १९४४ मध्ये, इटलीतच. सेक्शनमधले सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. जाधव मात्र घरी परतले आणि १९८४ पर्यंत जगले.