आधी कर्ता लिही

सप्रेम आशीर्वाद.

तुझा परवा रात्रीचा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. आंतरराष्ट्रीय पान तुझ्याकडे आलं म्हणून अभिनंदन वगैरे करत बसत नाही. ते पान कुणालाच नको असतं, म्हणून नव्या पोरांच्या गळ्यात मारतात, हे तुलाही कळलं असेल. तुझा प्रश्न मात्र खरा आहे. एक वाचक फोन करून झापतो, 'हमासवाल्यांना सरळ दहशतवादी का लिहीत नाही?' दुसरा झापतो, 'मग इस्रायलला काय लिहिणार?' वरिष्ठ म्हणतात, वृत्तसंस्थेनं दिलंय तसं लाव, डोकं चालवू नकोस. आणि तू म्हणतेस, प्रत्येक शब्दाची भीती वाटायला लागलीय, म्हणून हल्ली सगळं गुळगुळीत करून सोडते.

अगं, गुळगुळीत केलंस तिथेच फसलीस.

तू पाठवलेले दोन मथळे शेजारी शेजारी ठेव. सोमवारचा: 'रशियाने क्षेपणास्त्रे डागून नागरिकांना ठार केले'. गुरुवारचा: 'गाझात शाळेवरील हल्ल्यात मुलांचा मृत्यू'. सोमवारी मारणारा आहे, गुरुवारी नाही. हल्ला आपणच केल्याचं इस्रायलच्या लष्करानं मान्य केलेलं आहे, तुझ्याच बातमीच्या तिसऱ्या परिच्छेदात. मग मथळ्यातून त्याला कोणी सोडवलं? तू. आणि जाणूनबुजूनही नाही. 'दहशतवादी' लिहू की 'बंडखोर' यावर तू तासभर डोकं शिणवलंस, आणि क्रियापदाकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

सगळे नामावरून भांडतात. वाचक, संपादक, सरकारं, सगळे. पक्षपात शिरतो तो क्रियापदातून. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग शाळेत मार्कांपुरते पाठ केलेस, आता पोटापाण्यासाठी कर. पुरात माणसं मृत्युमुखी पडतात. कसारा घाटात बस दरीत गेली की प्रवाशांचा मृत्यू होतो. बॉम्ब कुणीतरी टाकलेला असतो. ज्याच्यावर आपला राग असतो तो 'ठार करतो', आणि ज्याच्याशी आपलं बरं असतं त्याच्या बाबतीत माणसं आपोआप 'ठार होतात'. म्हणून सांगतो, आधी कर्ता लिही. कोणी, कोणाला, कशानं मारलं. विशेषणं मग सुचली तर सुचली.

कारगिलच्या वेळी, 1999 च्या त्या उन्हाळ्यात, आमच्या पहिल्या पानावर रोज 'घुसखोरांचा खात्मा', नाहीतर 'घुसखोरांना कंठस्नान'. एक दिवस देवळाली कॅम्पकडचे एक निवृत्त सुभेदार, तोपखान्यातले, घडी केलेला अंक हातात घेऊन थेट डेस्कपाशी आले. म्हणाले, 'घुसखोर घुसखोर काय लावलंय? चोर आहेत का ते? समोर पलटण आहे. पलटणीशी लढतायत आमची पोरं. तुम्ही त्यांना चोर केलंत, तर आमच्या पोरांनी काय रखवालदारी केली म्हणायची?' शत्रूला किडामुंगी केलं की आपल्या माणसाचं शौर्यही तेवढंच उरतं, हे मला कुठल्या संपादकानं शिकवलेलं नाही.

आणि पलीकडचा देश काय म्हणत होता? हे आमचे सैनिक नाहीतच, मुजाहिदीन आहेत. त्या एका शब्दापायी स्वतःच्याच सैनिकांचे मृतदेह ताब्यात घ्यायची त्यांची तयारी नव्हती. कित्येकांना भारतीय सैन्यानं तिथेच, त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. टायगर हिलवर आपल्या जवानांनी कर्नल शेर खान नावाच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला मारलं (कर्नल हे त्याचं नाव, हुद्दा कॅप्टनचा). तो ज्या जिद्दीनं लढला ते पाहून आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी तसं लिहून चिठ्ठी त्याच्या खिशात ठेवली. पुढे पाकिस्ताननं त्याला निशान-ए-हैदर दिलं, त्यांचा सर्वोच्च लष्करी सन्मान. ज्यांनी त्याला मारलं त्यांनी सैनिक म्हटलं, ज्यांनी पाठवलं ते आधी ओळखच द्यायला तयार नव्हते. राष्ट्रभक्तीचे धडे मला शिकवायला येणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. पुढे ते बोलत नाहीत.

सरकारं शब्द कसे निवडतात ते तुला माहीत आहे, त्यात फार वेळ घालवत नाही. फ्रान्सनं अल्जीरियातल्या लढाईला 'युद्ध' म्हणायला 1999 उजाडू दिलं, लढाई संपून सदतीस वर्षं झाल्यावर. रशियात 2022 च्या मार्चपासून 'विशेष लष्करी मोहीम' या सरकारी नावाबाहेर जाऊन लिहिलं आणि सरकारनं ती सैन्याबद्दलची 'खोटी माहिती' ठरवली, तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे. पण नाक मुरडण्याआधी मराठवाड्यातल्या कुणा आजोबांना विचार. 1948 च्या सप्टेंबरात भारतीय सैन्य रणगाडे घेऊन हैदराबाद संस्थानात शिरलं, नेतृत्व मेजर जनरल चौधरींचं, आणि आपण आजही त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. निजामाची राजवट गेली याचा मलाही आनंदच आहे. पण रणगाडे पोलिसांचे नव्हते.

'प्रत्युत्तर' या शब्दावर खास नजर ठेव. तो लिहिला की सुरुवात कोणी केली याचा निकाल तू लावून मोकळी होतेस. 1962 चं युद्ध आपल्या लेखी चिनी आक्रमण, त्यांच्या लेखी आजही 'स्वसंरक्षणार्थ प्रतिहल्ला'. जगात पहिला हल्ला कुणीच केलेला नाही, सगळे उत्तरच देत असतात! म्हणून वेळ लिही. अमुक दिवशी याने हे केलं, तमुक दिवशी त्याने ते केलं. क्रम वाचकाला लावू दे.

आता आपल्या नाशिकचं घे. 21 डिसेंबर 1909, विजयानंद नाट्यगृह, 'संगीत शारदा'चा प्रयोग. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, निरोपाचा समारंभ. तिथे अनंत कान्हेरेंनी त्याला गोळ्या घालून मारलं. इंग्रजांच्या दप्तरात तो खून आहे. आपल्याकडे तो वध आहे, आणि गोल्फ क्लबच्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात. मीही हुतात्माच म्हणतो, त्यात मला तडजोड नाही. पण 'वध' म्हटलं की मेलेला राक्षस ठरतो, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. म्हणूनच तर गांधीजींच्या बाबतीत 'वध' की 'हत्या' यावरून माणसं ओळखू येतात. बातमीत मात्र 'कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या' एवढं लिहिलंस, तर इंग्रजाला आणि नाशिककराला, दोघांनाही ते नाकारता येत नाही. त्यावर वध म्हणायचं की खून, यासाठी अग्रलेखाचं पान आहे.

मग नामाचं काय, असं तू विचारशीलच. पहलगामला 22 एप्रिल 2025 ला 26 जणांना मारलं. बीबीसीनं 'मिलिटंट' लिहिलं, आपल्या सरकारनं त्यांच्याकडे लेखी नाराजी नोंदवली. मी 'दहशतवादी' लिहीन, बिनदिक्कत. निःशस्त्र पर्यटकांना धर्म विचारून गोळ्या घालणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? पण बघ, हे वाक्य पूर्ण लिहिल्यावर नामाचं काम जवळजवळ संपलेलंच असतं. कृत्य उघडं पडलं की वाचक नाव स्वतः ठेवतो. कृत्य झाकून नुसतं नाव फेकलंस, तर तो तुझ्यावर विश्वास ठेवेल किंवा शिवी देईल, समजणार काहीच नाही.

माझं हे ऐकून डेस्कवर मला 'व्याकरण मास्तर' म्हणायचे. पहिल्या पानावरून उचलून मला बाजारभावांच्या पानावर बसवलं. तिथेही मी विचारायचोच, लासलगावला कांद्याचे भाव 'कोसळले' म्हणजे काय? आपणहून कोसळले? निर्यातीवर बंदी कोणी घातली, ते लिहा! हसायचे. हसू देत. मी हटवादी होतो, मान्य. पण रात्री साडेअकराला पान सोडायच्या घाईत सगळेच समजूतदार झाले, तर कुणीतरी हटवादी असावंच लागतं. खंत एवढीच वाटते की हे सगळं मी रोज लाल पेनानं कॉपीवर लढलो, पण कागदावर नियम म्हणून उतरवून भिंतीला लावलं नाही. मी निवृत्त झालो आणि 'खात्मा' परत आला. तू ते लिहून भिंतीला लाव, माझं नाव नको घालूस, नाहीतर परत हसतील.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि तिथे माझा हट्ट तुला खड्ड्यात घालू शकतो. कर्ता ठाऊकच नसेल तर? 17 ऑक्टोबर 2023 ला गाझातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. हमासच्या अखत्यारीतल्या आरोग्य खात्यानं इस्रायलचं नाव घेतलं, जगातल्या मोठमोठ्या वृत्तपत्रांनी घाईनं ते मथळ्यात लावलं. इस्रायल म्हणालं, 'इस्लामिक जिहाद' या तिथल्याच दुसऱ्या सशस्त्र संघटनेचं रॉकेट चुकून पडलं. काही दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सला आपल्या सुरुवातीच्या वार्तांकनाबद्दल संपादकीय टिपण छापावं लागलं. म्हणून कर्ता माहीत नसेल तर 'कोणी केला हे स्पष्ट नाही' असं मथळ्यातच लिही, आणि कोण काय म्हणतो ते खाली दे. 'स्पष्ट नाही' लिहायला लाजू नकोस. पण माहीत असताना झाकायचं आणि माहीत नसताना ठोकायचं, हे दोन्ही एकाच पानावर मला दिसलं तर तुझी काही खैर नाही.

आणि तीन कॉलमात मावत नाही ही सबब मला सांगू नकोस. 'इस्रायलने गाझात शाळेत मुले मारली'. तुझ्या गुरुवारच्या मथळ्याच्या जागेत बसतो, मी अक्षरं मोजून पाहिली. येत्या रविवारी घरी ये, येताना महिन्याभराची पानं आण.