मंगळबाजारात जाऊ नकोस

अगं, तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. गोधडीसाठी आजीच्या जुन्या कपड्यांच्या बोचक्यात पिवळा मिळत नाही म्हणून मंगळबाजारातून दोन मीटर कॉटन आणायचं म्हणतेस. नको आणूस. चिड माझ्यावर, पण आणू नकोस.

मी आणलं होतं ना. आईचं लुगडं, बाबांची धोतरं, मुलाचे शाळेचे शर्ट, सगळं जमलं आणि लाल कमी पडला म्हणून नवं लाल घेतलं आणि न धुता लावलं. बाकीची कापडं वर्षानुवर्षं धुऊन आटायची तेवढी आटून बसलेली, नवं पहिल्याच पाण्यात आटलं, सगळीकडे चुण्या, वर रंग सुटून धोतर गुलाबी. आधी धुवायचं होतं म्हणशील. धुतलं असतं तरी शेजारचं कापड विरलेलं, टाका ताणला की फाटतं ते जुनंच. आणि लाल घरात होता गं! आईची लाल इरकली मीच आदल्या वर्षी बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घेतला होता. डब्यात अजून रवा आहे.

तू साड्यांचे फॉल उसवलेस का? उसव. आठ साड्यांचे आठ रंग निघतील, शिवाय फॉलखाली साडीचा रंग उडालेला नसतो. मग प्रत्येक साडी उजेडासमोर धर, निऱ्यांचा आणि बसायचा भाग विरलेला दिसेल, तिथे मागून जुनी मलमल लावून धावदोरा घाल. कापू नकोस.

हे क्राफ्ट की आर्ट, हा तुझ्या सरांचा प्रश्न, मला त्यात वेळ घालवायचा नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या बायकांनी कामाच्या जुन्या पँटींच्या रजया शिवल्या, खिसा काढल्यावर राहिलेला गडद निळा चौकोन तसाच ठेवला, आणि 2002 मध्ये त्या रजया न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या भिंतीवर लागल्या. तो निळा विकत मिळतो का?

नवं वापरलं असतं तर माझी कामं विकली गेली असती, असं घरचे अजून ऐकवतात. असेल. हट्टी आहे मी, पण त्या गुलाबी धोतरानंतर बाहेरून फक्त दोराच आणलाय, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, म्हणजे फारसं नाही.

रविवारी बोचकं घेऊन ये. उसवायला ब्लेड माझ्याकडे आहे. आणि तो तपकिरी परकर बोहारणीला दिला नसशील तर तोही आण.