सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरतं आणि बंद पडतं, काय बिघडलं असेल?

पेट्रोल गाडी आहे असं धरून सांगतो. चालताना नीट आणि थांबताना बंद, म्हणजे आधी संशय हवेवर घ्या. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटलची झडप, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ मिटते, उरलेल्या बारीक फटीतून येणाऱ्या हवेवर इंजिन ७००-९०० आरपीएम (मिनिटाला फेरे) सांभाळतं. तिथे कार्बनचा काळा चिकट थर बसला की इंजिन गुदमरतं. इंजिन बंद करून एअर फिल्टरकडचा पाइप काढा, झडपेच्या कडेला बोट फिरवा. बोट काळं झालं तर थ्रॉटल बॉडी क्लीनरने साफ करा. जुन्या मॉडेलमध्ये आयडल कंट्रोल व्हॉल्व्हही (गाडी उभी असताना इंजिनला लागणारी हवा सांभाळणारा) पुसा. सफाईनंतर काही गाड्यांना आयडल री-लर्न, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला झडपेची नवी स्थिती शिकवणं, करावं लागतं, नाहीतर उलट आरपीएम चढलेलाच राहतो.

दुसरी गंमत ब्रेकची. गाडी उभी, इंजिन चालू, चार-पाच वेळा ब्रेक दाबा. दर वेळी आरपीएम कोसळत असेल तर ब्रेक बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर ब्रेक दाबायला मदत करणारा भाग) किंवा त्याचा व्हॅक्यूम पाइप गळतोय. हे टाळू नका, ब्रेकचं पेडलच दाबायला कडक होईल.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०० दिसला तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये; स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, बहुधा हवेची गळती. कोड न बघता सेन्सर बदलत सुटू नका.