अमेरिकेत आंतरवंशीय विवाह खरोखरच वाढले आहेत का?

होय, निश्चितच वाढले आहेत: प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या विश्लेषणानुसार नवविवाहितांमध्ये त्यांचे प्रमाण १९६७ मध्ये ३ टक्के होते, ते २०१५ मध्ये १७ टक्क्यांवर गेले. १९६७ हे वर्ष निर्णायक ठरले, कारण ज्या कृष्णवर्णीय मिल्ड्रेड आणि गोरे रिचर्ड लव्हिंग या दांपत्याला १९५८ मध्ये व्हर्जिनियात रात्री शयनगृहात शिरून, भिंतीवरचे विवाह प्रमाणपत्र दाखवूनही अटक झाली होती, त्यांच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ राज्यांतील आंतरवंशीय विवाहांवर बंदी घालणारे कायदे घटनाबाह्य ठरवले. केवढे धैर्य लागले असेल त्या दोघांना! मात्र या आकड्यांत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतील मूळ असलेले) व इतरांमधील विवाहही धरलेले असल्याने, केवळ कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधील अंतर तेवढेच मिटले, असा अर्थ त्यातून काढू नये.