तुमच्या घरात मतं किती?

अगं,

मेसेज मिळाला. तिथल्या तिथे उत्तर द्यायला बसलो होतो, पण मोबाईलवर एवढं टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून हे निवांत लिहितोय, तूही चहा घेऊन निवांत वाच. इलेक्शन डेस्कवर टाकलंय तर आधी काय वाचू, असं विचारलंयस. वाच काय वाचायचं ते, पण त्याआधी 'मत' या दोन अक्षरांशी जरा नीट ओळख करून घे, कारण इथून पुढे तुझ्या प्रत्येक बातमीत ती येणार आणि नव्या-जुन्या सगळ्यांचे पाय तिथेच घसरतात.

नाशिकच्या पंचवटी कारंजावरची तुझी ती क्लिप बघितली. तू चॅनलचा माइक पुढे करून विचारलंस "काका, तुमचं मत काय?" आणि ते म्हातारबाबा पिशवी सावरत म्हणाले "ते गुप्त असतं बाई" आणि चालू पडले. खाली कमेंटमध्ये लोक हसतायत, पण बाबांचं काही चुकलं नाही. तू विचारत होतीस रस्त्यांबद्दल आणि त्यांना वाटलं तू बटण विचारतेयस, आणि इलेक्शनच्या दिवसांत असंच वाटणार. म्हणून रस्त्यावर उतरलीस की सरळ विचार, "रस्त्याचं काय म्हणणं आहे?", "पाणी येतं का?" 'मत' शब्द तोंडातून काढूच नकोस, माणूस आपोआप बोलता होतो. आणि बूथबाहेर "कुणाला दिलं" विचारून त्यावर कोण पुढे, कोण मागे असला कार्यक्रम करायचा मोह तुझ्या चॅनलवाल्यांना होणारच, तेव्हा त्यांना लोकप्रतिनिधी कायद्याचं 126 क कलम दाखव. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही, आणि जनमत चाचणीचे आकडे मतदान संपायच्या आधीच्या 48 तासांत टीव्हीवर चालत नाहीत.

आता खरी गंमत गावाकडे आहे. निफाड, चांदवड, सिन्नरकडे जाशील तेव्हा एखाद्या ओट्यावर तासभर नुसती बसून राहा, कॅमेरा बॅगेत ठेव. मतदार यादीची झेरॉक्स, कानाला पेन, आणि कार्यकर्ता विचारतोय:

"अण्णा, तुमच्याकडं मतं किती?"

"सात."

"सात कुठून? मागच्या टायमाला पाच होती."

"पोराचं लग्न नाही का झालं, सुनेचं नाव चढलंय. आणि धाकटी अठराची झाली."

"आणि ते पुण्याचं मत?"

"येईल की. गाडीचं तेवढं बघा."

बघ, इथे मत म्हणजे माणूस. 'पुण्याचं मत' म्हणजे हिंजवडीला कंपनीत असलेला थोरला मुलगा, 'नवं मत' म्हणजे सून, 'आजारी मत' म्हणजे खाटेवरची आजी, तिला उचलून आणायची सोय करायची. हे ऐकून नाक मुरडू नकोस, मला तर ही भाषा फार आवडते, प्रचाराची अख्खी मशिनरी त्या चार ओळींत दिसते. पण ती अवतरण चिन्हात ठेवायची, आपल्या वाक्यात घ्यायची नाही. तू लिहायचं 'त्या घरात सात मतदार आहेत'. सात मतं आहेत हे अण्णांचं म्हणणं झालं. सून आत जाऊन कोणतं बटण दाबते ते अण्णांना कुठे माहीत असतं! मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते ती तिला एकटीला, अण्णा तेव्हा बाहेर बिडी ओढत असतात.

हाच घोळ मोठ्या आकारात झाला की त्याला आपले लोक 'गठ्ठा मतं' आणि 'मतपेढी', म्हणजे व्होट बँक, म्हणतात. अमुक समाजाची मतं तमुक नेत्याच्या खिशात, सिडकोतली कामगारांची मतं इकडे, गंगापूर रोडची तिकडे. असं छातीठोक वाक्य लिहिताना स्वतःला विचार, हे मतदारांनी सांगितलं की अण्णांनी? (आणि मतपेढी वेगळी, मतपेटी वेगळी. कॉपीत एकीच्या जागी दुसरी आलेली मी इतक्यांदा बघितलीय की आता हसूही येत नाही.)

क्रियापदांचं सांगतो, कारण ती फुकटात बरंच सांगून जातात. मत देतात, मत टाकतात, हे साधं. टाकतात हे पेटीच्या काळातलं, तसंच 'शिक्का मारा' पण, यंत्र येऊन वर्षं झाली तरी म्हाताऱ्या अजून शिक्काच मारतात, आणि त्यांच्या तोंडी तो तसाच राहू दे, 'बटण दाबलं' असं सुधारून घेऊ नकोस. मतं पडतात. मतं फिरतात. मतं फुटतात, आणि इथे सांभाळ. राज्यसभेला 2003 पासून खुलं मतदान आहे, पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, त्यामुळे तिथे कोण फुटलं ते कळतं. विधान परिषदेला आमदार गुप्त मतदान करतात. तिथे 'मतं फुटली' एवढंच म्हणता येतं, कारण आकडे बोलतात, पण कोणाचं फुटलं ही लॉबीतली कुजबुज असते, तिच्यावर नाव घालून बातमी करायची नाही, सूत्रं कितीही खात्रीशीर असू देत.

आणि मतं खाणं. याचं उदाहरण आपल्या जिल्ह्याएवढं भारी कुठे मिळणार नाही. 2024 च्या लोकसभेला दिंडोरीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून भास्कर भगरे उभे होते, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. त्यांच्याबरोबर बाबू भगरे नावाचे अपक्ष, आणि त्यांना मिळालेलं ट्रम्पेटचं चिन्ह मराठीत लिहिलं गेलं 'तुतारी'. अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली! जिल्हाभर एकच चर्चा, मतं खाल्ली, मतं खाल्ली. तरी भास्कर भगरे लाखाच्या वर मताधिक्याने आलेच. आता तू तिथे असतीस तर काय लिहिलं असतंस? नामसाधर्म्य होतं, चिन्हाचं नाव सारखं होतं, अपक्षाला एवढी मतं पडली, हे तिन्ही लिही, ठणकावून लिही. पण 'लाख मतदार फसले' हे लिहिताना थांब, कारण त्यातले किती फसले आणि किती जाणूनबुजून गेले हे यंत्रातून निघत नाही. पुढे त्याच वर्षी भगरेंच्या पक्षाने या चिन्हाच्या गोंधळाची तक्रार निवडणूक आयोगाकडे केली, हा मुद्दा तुझ्या कामाचा.

आकड्यांकडे ये. "त्याला मतदान किती झालं?" असं आपण सगळे बोलतो, पण छापताना मतदान केंद्रावर होतं, उमेदवाराला मतं मिळतात. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक म्हणजे मताधिक्य. आणि बहुमत म्हणजे निम्म्याच्या वर, ते आमदार-खासदार व्हायला लागतच नाही, सगळ्यात जास्त मतं पुरतात, पाच-सहा तगडे उमेदवार असले की तीस टक्क्यांतही गुलाल उधळतात. बहुमत सभागृहात लागतं. आपल्या नाशिक महापालिकेत 2017 ला 122 जागा होत्या, बहुमताला 62 हव्यात, भाजपच्या 66 आल्या, ते बहुमत. मतदानाची टक्केवारी 60 ची 63 झाली तर ती तीन टक्क्यांनी वाढली नाही, तीन टक्के-अंकांनी वाढली (60 वर 3 म्हणजे पाच टक्के वाढ), एवढं समजून घे.

महापालिकेचं गणित वेगळंच आहे बरं का. त्या 2017 लाच 31 प्रभाग होते, 29 चार-चार सदस्यांचे आणि दोन तीन-तीनचे. म्हणजे चारच्या प्रभागात एक माणूस आत जाऊन चार मतं देतो, अ ब क ड या चार जागांना एकेक. प्रभागात पंचवीस हजार लोक येऊन गेले तर मतं लाखभर होतात, आणि कोणीतरी दरवेळी ती बेरीज करून 'लाखभर मतदारांनी हक्क बजावला' असं ठोकून देतो. मतदार मोज की मतं मोज, दोन्ही एका वाक्यात कालवू नकोस. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघात तर अजून वेगळं, तिथे मतदाराने मतपत्रिकेवर पसंतीचे आकडे घालायचे, 1, 2, 3, आणि उमेदवाराने कोटा, म्हणजे जिंकायला ठरलेला मतांचा आकडा, पूर्ण करायचा. आकडा मराठी चालतो, रोमन चालतो, पण कोणी अक्षरात 'एक' लिहिलं की मत बाद. सगळे शिकलेले मतदार, तरी मोजणीला बाद मतांचा गठ्ठा असतोच! ही बातमी दरवेळी करण्यासारखी आहे आणि फार कमी जण करतात.

मतदान शब्दातल्या 'दान'वर कोटी करायची नाही. दान सत्पात्री असावं, दान नव्हे अधिकार, हे दर निवडणुकीत प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येतं, तुझ्या स्क्रिप्टमध्ये ते पुन्हा कशाला.

शेवटचा तुझा प्रश्न, नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणाला, पडतात त्यांना मतं म्हणायचं का. म्हणायचं, मोजली जातात, जाहीर होतात. पण डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या वर मतं लागतात आणि त्या हिशेबात नोटा धरत नाहीत, म्हणून टक्के काढताना आधी बघ की तू कशाला भागतेयस. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. महापालिका, जिल्हा परिषदेचं काम राज्य निवडणूक आयोगाकडे, आणि त्यांनी 2018 साली महापालिका-नगरपालिकांसाठी आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. त्यामुळे नोटाची बातमी आली की पहिला प्रश्न, निवडणूक कुठल्या आयोगाची?

पहिली कॉपी संपादकांकडे जायच्या आधी मला पाठव. पण रात्री दहाच्या आत, नंतर मी फोन बघत नाही.

तुझा,
काका