लष्करी चिप खात्रीच्या कशा मिळवायच्या?

प्रश्न : रडार किंवा क्षेपणास्त्रासाठी लागणाऱ्या चिप खुल्या बाजारातून घेतल्या, तर नेमका धोका कोणता?

उत्तर : घातपाताची शंका रास्त आहे, पण माझ्या मते रोजची डोकेदुखी जुनेपणाची आहे. लढाऊ विमान तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते, चिपचे उत्पादन मात्र त्याआधीच बंद पडते. मग सुटे भाग मध्यस्थांकडून घ्यावे लागतात आणि तेथेच बनावट माल शिरतो. भंगारातील सर्किट बोर्डवरून काढलेल्या चिपवरील मूळ छपाई घासून टाकतात, वर काळा लेप देतात आणि नवी तारीख छापतात. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर हलका लेप निघतो, सफाईदार लेप मात्र टिकून राहतो. अमेरिकी सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २०१२ मध्ये अशी सुमारे १,८०० संशयित प्रकरणे नोंदवली होती.

चिप तयार होतानाच आराखड्यात फेरफार झाला, तर तो शोधणे त्याहून अवघड असते. म्हणून अमेरिकेने २००४ मध्ये आयबीएमशी विश्वासू कारखान्याचा, म्हणजे खात्रीच्या कारखान्यात लष्करी चिप बनवून घेण्याचा, करार केला. परंतु २०१५ मध्ये आयबीएमचा चिपनिर्मितीचा व्यवसाय अबू धाबीची मालकी असलेल्या ग्लोबलफाउंड्रीज या चिप उत्पादक कंपनीकडे गेला आणि एकाच पुरवठादारावर विसंबण्यातली जोखीम उघड झाली. उत्पादन बंद होण्यापूर्वीच पुरेसा साठा करणे आणि अधिकृत वितरकांकडूनच खरेदी करणे, हे उपाय खर्चिक असले तरी त्यांना सोपा पर्याय नाही.