वऱ्हाडासाठी बस ठरवताना

गोव्यात फोंडा, डिचोली, साखळीकडे लग्नाला किंवा मुंजीला बस ठरवताय? भाव विचारण्याआधी नंबर प्लेट बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतील तरच पुढे बोला. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण भाड्यावर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. फिटनेस, विमा आणि परमिटच्या तारखा स्वतः वाचा. वऱ्हाड सावंतवाडी किंवा बेळगावला जाणार असेल तर राज्याबाहेरचं परमिट हवंच. पत्रादेवीला, म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेवर, गाडी अडकली तर मुहूर्त थांबणार नाही.

खरा घोळ होतो तो वाटेमुळे. पन्नास सीटची बस दारापर्यंत येईल असं धरून चालू नका. कुळागरातल्या (सुपारीच्या बागांतल्या) वाटा अरुंद, वर विजेच्या तारा नि फणसाच्या फांद्या, वळणावर कुणाचा तरी चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण). आदल्या दिवशी चालकाला वाट दाखवा आणि बस वळवायला जागा कुठे आहे ते बघून ठेवा. जागा नसेल तर सरळ दोन मिनीबस घ्या. आजी-आजोबांना चढायलाही त्या सोप्या.

किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की घरापासून, थांबण्याचे किती तास भाड्यात, चालकाचा रात्रीचा भत्ता कुणाकडे, हे सगळं व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. बसमधली गाणी रात्री दहाला बंद. आणि चालकाला वेळेवर जेवण द्या, पेल्याचा आग्रह मात्र कुणालाही करू देऊ नका.